निऑन आठ, सासूबाई एक

दार ओढायचं, कुलूप लावायचं, खेचून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत चार पायऱ्या चढायच्या आणि पुन्हा एकदा खेचून बघायचं. चाळीस वर्षं हा माणूस घरातून असाच निघत आला, म्हणून सगळी गल्ली त्याला दोनदा म्हणायची. तोंडावर दोनदाकाका, पाठीमागे नुसता दोनदा. धंदा किल्ल्यांचा. बाजाराच्या कोपऱ्यावर पत्र्याची टपरी, आत किल्ली कापायचं मशीन आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या हजारभर कोऱ्या किल्ल्या. किल्ली हरवलेला माणूस घाबराघुबरा होऊन यायचा, आणि टपरीत पाऊल टाकलं की त्याला जरा बरं वाटायचं, कारण तिथं त्याच्याहून जास्त घाबरलेला माणूस बसलेला असायचा.

ही भीती काही तो जन्माला येताना बरोबर घेऊन आला नव्हता. बापाचाही धंदा हाच. एकदा नीटनेटक्या कपड्यांतला एक गृहस्थ आला, घराची किल्ली हरवली म्हणाला, आणि बापानं जाऊन दोन मिनिटांत दार उघडून दिलं. घर त्या गृहस्थाचं नव्हतंच. बाप तीन दिवस पोलीस चौकीत बसून आला, आणि तेव्हापासून कुलपाला हात लावला की त्याची बोटं थरथरायची. दोनदा तेव्हा नऊ वर्षांचा. थरथरणारी ती बोटं त्यानं रोज पाहिली आणि मनाशी एक गाठ मारून ठेवली, की वाईट गोष्ट आपल्या दाराशीच उभी असते, आपण बेसावध होण्याची तेवढी वाट बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. दोनदाच्या पाठी तो बिचारा दमून जात असेल.

बायको बरोब्बर उलटी. तिनं तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली. छापलेल्या कागदांच्या घड्या एकावर एक रचायच्या आणि शिवायच्या. एक घडी कमी पडली तर पुस्तक वाया, म्हणून तिची नजर मोजण्यात तयार झालेली. सात आहेत की आठ, हे तिला बोट न लावता कळायचं. घाबरणं मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. नवऱ्याचं घाबरणं दोघांना पुरून उरतं, असं ती म्हणायची.

आणि छातीत दुखायला लागलं ते तिलाच. तिसऱ्या मजल्यावर घर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भाजीची पिशवी घेऊन खाली बसली ती उठेना. तिथंच शिवणवालीचं दार. तिनं मशीन सोडून धाव घेतली, रिक्षा बोलावली, टपरीवर निरोप धाडला. पुढं अकरा दिवस दवाखाना. छातीचं हाड कापून, आतलं दुरुस्त करून, परत जोडलं. ऑपरेशनला नेताना तिची गाडी एका बंद लिफ्टपुढं पाच मिनिटं थांबली होती, आणि तिथं भिंतीशी काचेची टाकी होती. आत हिरवीगार झाडं, झाडांतून फिरणारे बारके चमकते मासे. ती नंतर सांगायची, "मला वाटलं, शेवटचं काही दिसायचं असेल तर हे काही वाईट नाही." हे वाक्य ती हसून सांगायची. दोनदा ते ऐकून उठून मोरीत जायचा आणि नळ सोडायचा.

घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. हातांवर भार देऊन उठायचं नाही. जिना सहा महिने बंद. आणि मनाला एकदम धक्का बसता कामा नये. पहिल्या दोन बायकोनं लक्षात ठेवल्या. तिसरी दोनदानं काळजावर कोरून घेतली. दाराची घंटा त्यानं त्याच दिवशी तारेपासून तोडली. भिंतीवरचं घड्याळ टोले देत असे, त्याची जीभ काढून ठेवली. खाली जाऊन शिवणवालीला म्हणाला, "मशीनखाली जाड घडी घाला जरा, वर आवाज येतो."

"काका, मशीन आहे ते, मांजर नाही," ती म्हणाली. पण घडी घातली.

राहिलं दार. तो टपरीवर गेल्यावर कुणी दार वाजवलं, ही धडपडत उठली, हातांवर भार दिला, तर? कुणी भलताच आत शिरला तर? म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेलं कुलूप दाराला बसवलं. आतून किंवा बाहेरून, किल्लीशिवाय न उघडणारं. तारेनं उघडायला गेलं तर आतल्या पट्ट्या आणखी घट्ट बसाव्यात, अशी रचना. जन्मभराची हुशारी त्यात ओतलेली. किल्ल्या दोन, आणि दोन्ही त्याच्याच जुडग्यात, म्हणजे हरवायला नकोत. दोन किल्ल्या एका कडीत ठेवू नका, असं त्यानं आजवर हजार गिऱ्हाइकांना बजावलं असेल. घरच्या गिऱ्हाइकाला कोण बजावणार?

बायको एवढंच म्हणाली, "दिवसभर समोर भिंतच आहे. मला ती झाडांची टाकी आणून द्या."

दूर दिलेल्या लेकीनं टाकी पाठवली. काच, दिवा, पाणी फिरवायचं यंत्र, पाणी कोमट ठेवायची कांडी, सगळं खोक्यांत भरून. दोनदानं खोकी उघडली. काच, पाणी आणि वीज, तिन्ही एकाच ठिकाणी. पण बायकोच्या तोंडावर अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा रंग दिसत होता. त्यानं दाराशेजारच्या भिंतीला जाड टेबल लावलं, तिथंच वीज होती. पलंग समोरच्या भिंतीला. मध्ये दहा पावलं.

मासे विकणाऱ्या बाईंचं दुकान चालत वीस मिनिटांवर. आत शिरलं की ओलसर ऊब, आणि दोन्ही हातांना छतापर्यंत टाक्या, सगळ्यांतून पाण्याचा बुडबुड आवाज. बाई चाळिशीच्या, कोपरापर्यंत ओल्या.

"मासेवाली बाई तुम्हीच का?"

"मासेवाली म्हणू नका काका, लोक किलोचा भाव विचारतात. पहिलीच टाकी?"

"पहिलीच. ताई, मला असे मासे द्या जे चावत नाहीत, उडी मारत नाहीत, भांडत नाहीत आणि मरत नाहीत."

"असे मला मिळाले असते तर मी लग्न केलं असतं," बाई म्हणाल्या, आणि त्याला स्टूल दिलं.

त्यांनी पहिल्या दिवशी त्याला एकही मासा दिला नाही. आधी झाडं लावा, म्हणाल्या, आणि महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या. पाणी पिकावं लागतं. कच्च्या पाण्यात माशाचीच घाण माशाला मारते. दोनदाला ही बाई आवडली. घाईनं काही न करणारं माणूस त्याला जगात फार कमी भेटलं होतं. दर सहा दिवसांनी तो बाटलीत पाणी घेऊन जायचा, बाई त्यात औषधाचे थेंब टाकायच्या, रंग बघायच्या आणि मान हलवायच्या. पाचव्या खेपेला म्हणाल्या, पिकलं.

मग निवड. गोल्डफिश नको, तो थंड पाण्यातला, शिवाय झाडं उपटतो. बार्ब नको, शेजाऱ्याची शेपटी कुरतडायची खोड. फायटर दिसायला राजबिंडा, पण लांब शेपटीचं कुणी दिसलं की तो अंगावर जातो, कधी काचेतल्या स्वतःच्याच अंगावर. "एक साधी गोष्ट लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "जे तोंडात मावेल ते पोटात जाईल. माशांच्यात नातीगोती नसतात."

शेवटी ठरले निऑन. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळी रेघ, शेपटीशी लाल. "हा कळपात राहतो," बाई म्हणाल्या. "एकटा ठेवला तर भीतीनं खंगतो." दोनदा बराच वेळ त्या टाकीपुढं उभा राहिला. मग म्हणाला, "आठ द्या." तळाशी फिरायला मिशावाल्या लहान कोरी माशांची चार जणांची टोळी घेतली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

बायको त्या आठ निळ्या ठिणग्या बघत दिवस काढू लागली. जेवण वाढलं, औषध दिलं, तरी नजर टाकीवर. दोनदाही संध्याकाळी येऊन तिच्याशेजारी बसायचा. तेवढा एक तास त्याच्या डोक्यात काही वाईट यायचं नाही.

मग तिनं म्हटलं, "दवाखान्यात मध्ये एक मोठा होता हो. चपटा, पताकेसारखा. लांब लांब पंख. तो एकच असू दे मध्यभागी."

दोनदा दुकानात गेला. बाई नेमक्या नव्हत्या, त्यांचा भाऊ गल्ल्यावर बसला होता आणि त्याचं लक्ष फोनमध्ये होतं. पण मासा समोरच होता. एंजल. नाण्याएवढा, पांढरा, काळ्या पट्ट्यांचा. आता दोनदा काही आंधळेपणानं घेणारा माणूस नव्हे. त्यानं खिशातून व्हर्निअर काढलं. किल्लीची जाडी मोजायचं ते पितळी माप त्याच्या खिशात कायम असे. एंजल काचेशी आला की काचेबाहेरून त्याचं तोंड मोजलं. मग निऑनची जाडी मोजली. मग पुन्हा एकदा दोन्ही मोजलं. एंजलच्या तोंडापेक्षा निऑन दुप्पट जाड. मावणं शक्य नाही. भाऊ म्हणाला, "काका, मासा घेताय की शर्ट शिवताय?"

बायकोनं त्या एंजलचं नाव ठेवलं सासूबाई. "बघा ना, मधोमध उभ्या, पदर दोन्हीकडे सोडलेला, आणि सगळ्यांवर लक्ष."

तीन महिने छान गेले. सासूबाई खाऊन पिऊन बाळसं धरत होत्या. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. आपलीच पोरं आपल्याला दिसत नाहीत, पाहुणे येऊन सांगतात.

एका सकाळी दोनदानं टाकीचा दिवा लावला, सवयीनं मोजलं आणि सात भरले. पुन्हा मोजलं. सात. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली, दाराच्या फटीत, चपलांत हात घालून शोधू लागला. उडी मारून कुठं तरी वाळून पडला असणार. तिच्या पायाखाली आला तर? तिनं मोजलं तर? ती तर मोजणारच. आणि त्याला तिचं ते हसून सांगितलेलं वाक्य आठवलं, शेवटचं काही दिसायचं असेल तर. ज्या गोष्टीवर तिनं जीव टांगला होता, तीच एकेक करून मरायला लागली तर तिच्या त्या जोडलेल्या काळजानं काय समजायचं?

तो तिला न सांगता दुकानात गेला, एक निऑन घेतला आणि शर्टाच्या आत पोटाशी पिशवी धरून घरी आणला. ती मोरीत गेली तेव्हा हळूच सोडला. पुन्हा आठ.

त्याच दिवशी त्यानं टाकीच्या झाकणाला दोन कड्या बसवल्या आणि कुलूप लावलं. पितळी, बोटाएवढं.

बायको बघत होती. "मासे पळून चालले होते का?"

"धूळ जाते," तो म्हणाला.

आठ दिवसांनी पुन्हा सात. कुलूप जिथल्या तिथं. बंद पेटीतून वस्तू जाते म्हणजे काय? चाळीस वर्षांत त्यानं असं कुलूप पाहिलं नव्हतं. त्यानं आणखी एक निऑन पोटाशी धरून आणला. तो जरा फिकट होता, पण दुकानात त्या दिवशी तेवढेच होते. रात्री डोळ्याला डोळा लागेना. बायकोचा श्वास ऐकत पडायचा, आणि तो जरा लांबला की उठून बसायचा.

तिसऱ्यांदा सात भरले तेव्हा दुपार होती. बायकोला जेवण देऊन, कुलूप लावून, दोनदा खेचून तो दुकानात पोहोचला. या वेळी बाई स्वतः होत्या.

"काका, तिसऱ्यांदा एकच निऑन? काय करता काय त्यांचं?"

दोनदाचा बांध फुटला. त्यानं सगळं सांगितलं. झाकण, कुलूप, लपवालपवी, सगळं.

बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. "टाकीत आणखी कोण आहे?"

"कोरी. आणि एक एंजल."

"एंजल कुणी दिला?"

"तुमच्या भावानं. पण मी मोजून घेतला, ताई." त्यानं घाईघाईनं खिशातून व्हर्निअर काढलं. त्याच्याबरोबर किल्ल्यांचं जुडगंही बाहेर आलं, तेही गल्ल्यावर ठेवलं, आणि मापाचा चिमटा उघडून दाखवला. "एवढंसं तोंड. निऑन याच्या दुप्पट. मावणारच नाही."

"कधी मोजलं?"

"आणला त्या दिवशी."

"त्याला झाले तीन महिने. आता केवढा आहे?"

दोनदानं बोटांनी नाणं दाखवलं. मग ती बोटं त्याच्या डोळ्यांदेखत आपोआप लांब होत गेली, पूर्ण पंजा उघडला, आणि तो स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला.

"काका," बाई हळू म्हणाल्या, "हे पितळ नाही. हे वाढतं."

त्यानं जन्मात जे जे मोजलं होतं त्यातलं काहीच दुसऱ्या दिवशी मोठं झालं नव्हतं. चोर आत होता आणि तो बाहेरून कुलूप लावत बसला होता. आणि मग दुसरा विचार आला. आत्ता, या क्षणाला, ती पलंगावर बसून त्याच टाकीकडे बघत असेल. आणि सासूबाईंना भूक लागली असेल.

तो वीस मिनिटांची वाट दहा मिनिटांत आला. तीन मजले चढला. दारापुढं उभं राहून त्यानं खिशात हात घातला.

खिसा रिकामा.

दुसरा खिसा. मग पहिला पुन्हा. गल्ल्यावर व्हर्निअरच्या शेजारी पडलेलं जुडगं त्याला लख्ख दिसलं. दोन्ही किल्ल्या, एका कडीत.

"अगं," त्यानं हाक मारली. "अगं, ऐकलंस का?"

काही नाही. घंटा त्यानंच तोडली होती. दार वाजवलं, आधी हळू, मग जोरात. फोन लावला. आत पलंगापाशी फोन वाजायला लागला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला आणि बंद झाला.

शिवणवाली गळ्यात माप-फीत घेऊन वर आली. "काय झालं काका? दार फोडायचं का?"

"फुटणार नाही," दोनदा म्हणाला. "लोखंडाची पट्टी टाकलीय आतून. मीच."

खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं तारा काढल्या. हात इतके थरथरत होते की तार भोकात जाईना. बापाचे हात. अगदी तसेच. सगळ्या गावाची कुलपं दोन मिनिटांत उघडणारा माणूस स्वतःच्या दाराशी गुडघे टेकून बसला होता, आणि आतलं कुलूप त्यानं असं बनवलं होतं की त्याच्यासारख्या माणसाला ते उघडता येऊ नये.

त्यानं किल्लीच्या भोकाला कान लावला. आणि आवाज आला. वरून नाही, खालून, जमिनीजवळून, त्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवरून.

"ओरडू नका. इथंच आहे मी. मघापासून ओ देतेय, तुमच्या ठोकण्यात ऐकू येत नव्हती."

"अगं खाली का बसलीस? फोन का नाही घेतलास?"

"फोन पलंगावर आहे." मध्ये श्वास घ्यायला थांबली. "मी टाकीपाशी आले होते. जाळी पडली, उचलायला बसले, आणि आता उठता येत नाहीये. हातांवर भार द्यायचा नाही ना."

"छातीत दुखतंय?"

"नाही. गुडघे गेलेत नुसते. तुम्ही सावकाश उघडा."

दोनदानं तार घातली. आतली एक पट्टी उचलली गेली आणि लगेच दुसरी घट्ट बसली. घामानं तार बोटांतून सटकली.

"हात थरथरतोय का?" आतून आवाज आला.

"नाही."

"खोटं बोलताय. तार वाजतेय भोकात. ऐका, मी तुम्हाला माशांचं सांगते. तिसरा सकाळी गेला. तुम्ही अंघोळीला होतात तेव्हा. सासूबाईंनी अख्खा घेतला, शेपटी जरा वेळ बाहेर होती."

"तू बघितलंस?"

"पहिला पण बघितला. दुसरा पण."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला धक्का बसेल म्हणून. तुम्ही पोटाशी पिशवी धरून यायचात, मला वाटायचं, असू दे, माणूस एवढे कष्ट घेतोय. तो दुसरा आणलात तो फिकट होता."

बाहेर शिवणवालीनं तोंडावर फीत धरली. हसतेय की रडतेय ते कळेना.

"आज म्हटलं, चौथा नको. तुमचं ते पितळी कुलूप केसांच्या पिनेनं उघडलं. चाळीस वर्षांचा संसार आहे किल्लीवाल्याशी, एवढं शिकलेय. जाळी आत घातली तर सासूबाई सापडेनात, आणि जाळी खाली पडली." ती पुन्हा थांबली. या वेळी जास्त वेळ.

"अगं?"

"आहे. श्वास घेतेय. एक सांगू का, आता सांगूनच टाकते. मला माशांचं काही वाटत नाही. मासे आहेत, खायचेच. मला त्या कुलपाची भीती वाटते. तुम्ही दार लावता आणि खेचता. मग परत येऊन खेचता. दोन्ही वेळा मी दाराकडे बघत राहते. दुपारी छातीत काही झालं तर मी कुणाला हाक मारायची, आणि ती ऐकून कोण आत येणार?"

चाळीस वर्षं ज्याच्या त्याच्या भीतीवर त्यानं कुलूप बसवून दिलं होतं, आणि आपल्याच घरात कुलपाची भीती बसली आहे हे त्याला बाहेर गुडघे टेकल्याशिवाय कळलं नाही. मात्र एक झालं. जे होईल म्हणून तो पाच महिने घाबरत होता, ते सगळं झालेलं होतं. तिनं पाहिलं होतं, मोजलं होतं, आणि ती बोलत होती. हात थरथरत होताच, पण तार आता भोकात बसली. पहिली पट्टी. दुसरी. तिसरीला तो अडला, डोळे मिटले, कुलूप बनवताना बोटांनी काय केलं होतं ते बोटांनाच आठवू दिलं, आणि उलटीकडून उचललं.

दार उघडलं.

ती टेबलाच्या पायाला टेकून बसली होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, जाळी मांडीवर, चेहरा पांढरा. शिवणवालीनं मागून काखेत हात घातले, दोनदानं पुढून धरलं, आणि तिच्या हातांवर भार न येता तिला पलंगावर नेलं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि ठोके मोजायला लागला. दोनदा मोजले. मग तिनं त्याचं मनगट धरलं.

"तुमचेच जास्त पळताहेत," ती म्हणाली. "बसा खाली."

थोड्या वेळानं मासे विकणाऱ्या बाई दोनदाकाकांचं घर विचारत, जुडगं घेऊन, धापा टाकत वर आल्या. त्यांनी दोन जाळ्या दोन बाजूंनी घालून सासूबाईंना पिशवीत घेतलं. दुकानातल्या मोठ्या टाकीत त्यांच्याच मापाच्या चौघी आहेत, म्हणाल्या, तिथं काय तो मान मिळेल. दारातून निघताना दोनदाला म्हणाल्या, "काका, आता मासा निवडताना व्हर्निअर घरी ठेवा आणि मला एकच विचारा, हा म्हातारपणी केवढा होणार."

दोनदानं दिवेलागणीच्या आत ते कुलूप दारावरून उतरवलं. जागी साधं कुलूप बसवलं, आतून बोटानं उघडणारं, आणि बाहेरची एक किल्ली शिवणवालीच्या मशीनवरच्या खिळ्याला टांगून आला. घंटेची तारही जोडली. तो टपरीवर निघताना अजूनही चार पायऱ्या उतरून थांबायचा, पण परत चढायचा नाही. तिथं उभ्यानंच ऐकायचा. आतून ती म्हणायची, "आहे. जा."

महिन्यानं जिना मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू. तिला दुकानात जायचं होतं. मधली जागा रिकामी झाली होती आणि या वेळी निवड तिची होती. दोनदानं पायऱ्या आधीच मोजून ठेवल्या होत्या, चोपन्न. दार ओढलं, कुलूप लावलं, एकदा खेचलं. चार पायऱ्या उतरल्या आणि तो थांबला.

ती कठड्याला धरून थांबली. "जा, बघून या. आता आत कुणी नाही. आज दोनदा खेचा."

"निऑन आहेत आठ," तो म्हणाला.

"सात."

तो वर जाऊन खेचून आला. मग तिच्या पुढं झाला, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात तिच्यासमोर अर्धवट पसरून, आणि एकेक पायरी मागं पाऊल टाकत, न बघता, उलटा जिना उतरू लागला. पाचवी, सहावी, सातवी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, ती त्या दिवशी जिथं बसली होती तिथं, तो थांबला.

"चला," ती म्हणाली. "ही जागा पाहिलीय मी."